वॉशिंग मशीनखाली पाणी: पंप गळतोय की आणखी काही? अनुभव लिहा

जळगाव: धुणं झालं की आमच्या फ्रंट लोड मशीनखाली पाणी साचतं. मेकॅनिक म्हणतो, पंप बदला. ज्यांनी घरी मशीन उघडून गळती शोधली, त्यांनी काय पाहिलं ते जरूर लिहा. इकडे बोअरचं पाणी इतकं जड की बादल्यांवरही पांढरा थर चढतो, म्हणून खान्देशातल्यांचे अनुभव हवेत.

भुसावळ: आधी गळती कधी सुरू होते ते बघा. पाणी भरताना असेल तर मागचा इनलेट पाइप, व्हॉल्व्ह नाहीतर साबणाचा कप्पा. फक्त पाणी सोडताना असेल तर ड्रेन पाइप आणि त्याची क्लिप. पंपात मात्र धुणं चालू असतानाही पाणी उभं असतं, त्यामुळे तो दोन्ही वेळी गळू शकतो.

धुळे: आमच्याकडेही पंपच बदला म्हणाले होते. प्लग काढला, फिल्टरमधलं पाणी परातीत सोडलं, मशीन मागे कलती करून भिंतीला नीट टेकवली. खालचं सगळं कोरडं पुसून वर्तमानपत्र अंथरलं आणि टबमध्ये थोडं पाणी ओतून टॉर्च लावून बसलो. पंपाच्या पोटाशी थेंब लोंबत होता, पण वर बोट फिरवलं तर ओल टबखालच्या जाड काळ्या पाइपापासून येत होती. क्लिपखाली क्षारांचा पांढरा ओघळ वाळलेला. जड पाण्याचा हा एक उपकारच, गळतीची वाट तो लिहून ठेवतो! क्लिप बदलली, पंप जुनाच चालू आहे.

चाळीसगाव: आमचा पाइप उंदराने कुरतडला होता. मशीन शेताकडच्या ओट्यावर असते. आता खाली जाळी बसवली आहे.

नंदुरबार: टॉप लोडवाल्यांनो, आपल्याकडे बऱ्याच मशीनना पंपच नसतो, ड्रेन व्हॉल्व्ह उघडला की पाणी आपोआप उतरतं. बरोबर मधोमध गळत असेल तर शाफ्टचं सील बघा. ते बदलायला टब काढावा लागतो, आम्ही ते काम कारागिरालाच दिलं.

अमळनेर: पंप खोलण्याआधी फिल्टरचं झाकण बघा, भाऊ. आमच्या झाकणाच्या रबरी रिंगेखाली साडीचा धागा अडकला होता, तेवढ्यानेच थेंब थेंब चालू होतं. आणि गरम पाण्याच्या धुण्यानंतर लगेच झाकण उघडू नका, हात भाजतो.

पाचोरा: आमचा मात्र पंपच गेला होता. मोटर जिथे प्लास्टिकच्या घरात बसते, तिथे बारीक तडा होता. नवा घ्यायला जाताना जुना सोबत न्या. स्क्रूची भोकं आणि वायरची पिन जुळली नाही, तर दुकानात परत चक्कर होते.