बाबांसाठी शर्टाचं कार्ड

फुलं-फुलपाखरं नसलेलं, वडिलांना किंवा नवऱ्याला देता येईल असं कार्ड कसं करायचं, असं कुणीतरी विचारलंय. माझं उत्तर एकच: कागदी शर्ट!

नक्षीचा पातळ कागद घ्या, ८० ते १०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; आकडा मोठा तितका कागद जाड). रेघा किंवा चौकडी असेल तर सुरेख दिसतो. रेघा मात्र लांबीच्या दिशेनेच हव्यात. साधारण १५ × ७ सेंमीची पट्टी कापा. दोन्ही लांब कडा मध्यरेषेवर आणून दुमडा. वरच्या टोकाची एक सेंमीची पट्टी मागे वळवा, मग त्या टोकाचे दोन्ही कोपरे पुढून मध्यावर आणा. ही कॉलर. खालच्या टोकाला आतल्या कडांचे कोपरे तिरके बाहेर काढा, म्हणजे बाह्या होतात. आता खालचा भाग वर दुमडून कॉलरखाली सरकवा. प्रत्येक घडीवरून नखाने किंवा मोजपट्टीच्या कडेने दाबत जा, शर्टाची इस्त्री त्यातच आहे. (जाड कार्डशीट इथे अजिबात नको, घडीवर रंग फाटून आतलं पांढरं दिसतं.)

कार्डासाठी मात्र २५० जीएसएमचा ए४ कागद मधोमध दुमडा. रंग गडद निळा, राखाडी किंवा मातकट. शर्ट दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने चिकटवा. बाबांच्या साठीला मी पांढरा गोंद वापरला आणि रात्रीतून कागदाला सुरकुत्या पडल्या, सगळं पुन्हा करावं लागलं.

टाय लावायचा का? माझ्या बाबांनी कधीच घातला नाही, म्हणून मी खिसा केला आणि त्यात इवलंसं पेन खोचलं. ते त्यांनी लगेच ओळखलं.