मंदिराच्या जीर्णोद्धारात वीरगळांचं काय करावं?

रानवाट:
गावच्या भैरवनाथ मंदिराचा जीर्णोद्धार सुरू होतोय. आवारात पाच वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड) आणि एक सतीशिळा (सती गेलेल्या स्त्रीचा स्मारकदगड) आहे. दोन उभे आहेत, बाकीचे आडवे पडलेत, एकाला शेंदूर आहे. सगळ्यात मोठा पाच फूट उंच, दीड फूट रुंद, आठ इंच जाड. ऑइलपेंट मारून सिमेंटच्या ओट्यात बसवायचे आणि 'शिवकालीन वीरांची स्मारके' अशी पाटी लावायची, असं मंडळाने ठरवलंय. यात काय बदलायला सांगू?

कातळशिल्प:
रंग आणि सिमेंट, दोन्ही थांबवा. जमिनीतली ओल दगडातून वर चढते आणि पृष्ठभागावरून उडून जाते. ऑइलपेंटने ती वाट बंद होते. मग रंगाचे पोपडे सुटतात आणि त्यांच्याबरोबर कोरीवकामाची कड निघून येते. नाक, बोटं, तलवारीचं टोक आधी जातं. सिमेंटमधले क्षार बुडाशी पांढरे फुटतात, तिथे दगड भुसभुशीत होतो.

साफसफाईला साधं पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश. आधी दगड पूर्ण भिजवा आणि खालून वर घासत जा, नाहीतर मळक्या पाण्याचे ओघळ कोरड्या भागात मुरतात. दगडफूल दोन-तीनदा भिजवून बांबूच्या कामटीने अलगद काढा, न निघेल ते राहू द्या. तारेचा ब्रश, ॲसिड, प्रेशर वॉशर, सॅंडब्लास्टिंग यातलं काहीही नको.

तुमचा मोठा दगड पाच घनफुटांचा, म्हणजे साधारण ४०० किलो. दोर थेट गुंडाळू नका. कोरीव बाजूला गोणपाटाच्या घड्या लावून रुंद पट्ट्याने चेनपुलीवर उचला. पहार फक्त मागच्या, न घडवलेल्या बाजूने. खालचा ओबडधोबड भाग मुळात पुरण्यासाठीच ठेवलेला असतो. तो सव्वा फूट असेल तर खड्डा पावणेदोन फुटांचा घ्या. तळाला अर्धा फूट खडी, वर दगड ओळंब्यात, भोवती खडी-मुरमाचे चार-चार इंचांचे थर ठोकून. भोवतालच्या जमिनीला बाहेरच्या बाजूने उतार द्या.

शिलापट:
पाटीचा मुद्दा मला जास्त गंभीर वाटतो. महाराष्ट्रातले बहुतेक वीरगळ शिलाहार-यादव काळातले, म्हणजे शिवकालाच्या काही शतकं आधीचे आहेत. प्रथा नंतरही चालू राहिली, त्यामुळे काळ शिल्पावरून ठरवावा लागतो. बहुतेकांवर नावच नसतं. आपण 'शिवकालीन' लिहिलं की ज्याच्यासाठी तो दगड उभारला त्यालाच पुसून टाकतो.

वाचन खालून वर करा. तळाशी पडलेला वीर किंवा लढाई, मधे अप्सरा त्याला वर नेताना, त्यावर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर कलश आणि सूर्य-चंद्र, म्हणजे ते असेपर्यंत कीर्ती राहील. तळाशी गायी असतील तर गोधन राखताना मरण आलेलं. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या गलबतांच्या रांगा आहेत. शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या १३ व्या शतकातल्या लढाईशी त्यांचा संबंध जोडतात. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो.

झिजलेलं शिल्प दुपारी दिसत नाही. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश टाका आणि शेजारी मापाची पट्टी ठेवून फोटो काढा. पाटीवर 'वीरगळ: लढाईत मरण आलेल्या वीराचे स्मारक' एवढं आणि प्रत्येक चौकटीचं वर्णन पुरेसं आहे. पाटी वेगळ्या खांबावर लावा, दगडाला भोक पाडून नव्हे.

ओवरी:
हलवण्याआधी प्रत्येकाची जागा आणि तोंड कुठल्या दिशेला आहे हे नकाशावर टिपा, आणि राज्य पुरातत्त्व विभागाच्या विभागीय कार्यालयाला फोटोंसह लेखी कळवा. शक्यतो मूळ जागेवरून हलवूच नका. खोदताना नवा दगड सापडला तर काम थांबवून तहसीलदारांना कळवा.

शेंदूर खरवडू नका. ती पूजा चालू आहे, याचा अर्थ गावाने त्या वीराला अजून सोडलेलं नाही. फक्त नवा शेंदूर कोरीव चौकटींवर न लावता पायाशी लावायला पुजाऱ्यांना सांगा.

रानवाट:
धन्यवाद. एक वीरगळ मधोमध तुटलाय, दोन्ही तुकडे आहेत. ॲरल्डाइटने जोडू का?

कातळशिल्प:
नको. तो जोड नंतर दगड फोडल्याशिवाय सुटत नाही. लोखंडी सळईही नको, ती गंजून फुगते आणि भेग वाढवते. खालचा तुकडा उभा करा, वरचा त्याच्या शेजारी खडीच्या थरावर, चौकटी वर दिसतील असा आडवा ठेवा. जोडकाम दगडसंवर्धनाचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच.