जगाशी जोडलं की गरिबी आणि लढाया दोन्ही हटतात, हे पटतं का?

कास्तकार, यवतमाळ
परवा आमच्या गावात एक वक्ते सांगून गेले की देश जगाच्या बाजाराशी जोडला की गरिबी जाते आणि व्यापार असेल तिथं लढाई होत नाही. मला हे पटलं नाही. वऱ्हाड काय आज जोडलाय? 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस मँचेस्टरला पोचेना, तेव्हा आपल्याकडे भाव चढले. 1865 ला ती संपली अन् भाव उतरले. 1870 ला खामगावची रेल्वे सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय मेयो आला होता. एवढे जुने जोडलेले आपण, अन् आत्महत्यांचा जिल्हा म्हणून ओळख आमचीच.

आता 2025 चा ऑगस्ट घ्या. अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्के कर लावला. कापड गिरण्या अडचणीत, म्हणून सरकारनं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत काढून टाकलं. बाहेरचा कापूस स्वस्त झाला, अन् तेव्हा आमच्या पऱ्हाटीला (कापसाच्या झाडाला) बोंडंही फुटली नव्हती.

शिक्षक, एटापल्ली
भाऊ, भावावर बोलता येतं कारण तुमच्या बंडीला बाजाराचा रस्ता आहे. इकडे गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं. बाळंतीण खाटेवर घालून नाला ओलांडताना मी पाहिली आहे. 1980 च्या सुमारास नक्षलवादी आले ते अशाच भागात रुजले. एसटी नाही, दवाखाना नाही. बाहेरून यायचा तो तेंदूपत्त्याचा ठेकेदार. गर्देवाड्याच्या मार्गावर पहिली एसटी धावली 1 जानेवारी 2025 ला! तुटलेपण किती रक्त मागतं ते आम्हाला विचारा.

अडत्या, वाशीम
सरांचं रस्त्याचं खरं आहे, पण त्याच भागातून सुरजागडचं लोहखनिजही बाहेर जातं. आणि लढाईचं म्हणाल तर 1914 ला इंग्लंड-जर्मनीचा आपसात मोठा व्यापार होता, तरी भिडलेच. 2022 ला युरोप रशियाचा गॅस घेत होता, तरी युक्रेनवर हल्ला झालाच. इथं सूर्यफुलाचं तेल भडकलं.

शिक्षक, एटापल्ली
पण त्याच वर्षी जुलैत इस्तंबूलला करार होऊन युक्रेनच्या ओडेसा बंदरातलं धान्य समुद्रमार्गे निघालं ना? तो वर्षभरच टिकला, तरी तेवढा काळ गरीब देशांत गहू पोचला. बोलणीच बंद असती तर?

कास्तकार, यवतमाळ
सर, बाळंतिणीचं वाचून थांबलो. रस्त्याला माझा विरोध कधीच नव्हता, तुमच्याकडे तो कालच व्हायला हवा होता. माझं म्हणणं शुल्काच्या तारखेबद्दल आहे. काढायचं असेल तर मे महिन्यात सांगा. जूनमध्ये पऱ्हाटी लावायची की सोयाबीन-तूर, हे मला ठरवता येतं. ऑगस्टमध्ये माझ्या हातात फक्त डवरणी अन् फवारणीचा खर्च असतो.