मदत हवी आहे : नव्या गाडीची पहिली सर्व्हिसिंग किलोमीटरप्रमाणे की महिन्याप्रमाणे?

नवी पेट्रोल गाडी (मॅन्युअल गिअर) घेऊन १९ दिवस झाले आहेत. कोल्हापूर-पुणे अशा दोन फेऱ्या झाल्यामुळे मीटरवर आजच ९६२ किलोमीटर दिसत आहेत. पुस्तिकेत पहिली सर्व्हिसिंग '१००० किलोमीटर किंवा एक महिना, यांपैकी जे आधी होईल ते' असे स्पष्ट छापले आहे. मात्र सर्व्हिस सेंटरला फोन केला असता 'महिना भरल्यावर या, किलोमीटरचे एवढे काही नाही' असे सांगण्यात आले आणि पुढील बुधवारच्या आधीची वेळ मिळाली नाही. लेखी उत्तर मागितले, ते अद्याप आलेले नाही.

अडचण अशी की रविवारी आंबा घाटातून रत्नागिरीला जाऊन यावेच लागणार आहे, म्हणजे बुधवारपर्यंत मीटर सव्वाबाराशेच्या आसपास जाईल. डिपस्टिक (इंजिन ऑइलची पातळी पाहण्याची पट्टी) पुसून पाहिली. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असून रंग अजून मधासारखा आहे. कोणताही इशारा दिवा लागलेला नाही. पहिल्या सर्व्हिसिंगला मजुरी लागत नाही, त्यामुळे प्रश्न पैशांचा नसून वॉरंटीचा आहे.

दोन-अडीचशे किलोमीटर जास्त झाल्यास पुढे वॉरंटीचा दावा नाकारला गेल्याचा अनुभव कोणाला आहे का, आणि या पहिल्या खेपेस ऑइल बदलून घ्यावे की केवळ तपासणी पुरेशी असते?