घटसर्प: माणसाचा आणि म्हशीचा

गिरणाकाठ (चाळीसगाव): भाचीच्या लसीकरणाच्या कार्डावर घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात असं लिहिलंय. आणि पावसाळ्याआधी गावातल्या म्हशींनाही घटसर्पाचीच लस टोचून गेले. आजी विचारते, "म्हैसना गळाले सूज उनी तेबी घटसर्प, पोऱ्याले व्हयना तेबी घटसर्प. मंग लस येगळी काबर?" शब्दकोशात दोन्ही अर्थ एकाच ओळीत आहेत, खुलासा काही नाही.

पांझराकाठ (धुळे, गुरांचा डॉक्टर): आजींचा प्रश्न रास्त आहे. नाव एक, जंतू दोन, म्हणून लसही दोन. माणसाला होतो तो कॉरिनेबॅक्टेरियम डिप्थेरिई या जिवाणूमुळे, गाई-म्हशींना पाश्चुरेला मल्टोसिडा या जिवाणूमुळे. दोन्हींत गळा सुजतो, श्वास घरघरतो, म्हणून लोकांनी दोघांना एकच नाव दिलं. पण इजा करायची रीत पार वेगळी.

माणसाच्या घटसर्पाचा जंतू बहुतेक वेळा घशातच बसून राहतो, तिथे राखाडी पडदा धरतो. तरी रोगी दगावतो तो अनेकदा हृदय बंद पडून. जंतू हृदयापर्यंत गेलेलाच नसतो, मग मारलं कोणी? रू आणि येर्सिन या शास्त्रज्ञांनी 1888 मध्ये जंतू ज्यात वाढवले तो रस गाळून, जंतू काढून टाकून, जनावरांना टोचला. नुसत्या रसानंही जनावरं मेली. म्हणजे घात विषाचा. हे विष पेशीत शिरून प्रथिनं बनवण्याचं काम बंद पाडतं, पेशी मरते. बेरिंग या जर्मन शास्त्रज्ञाला 1901 चं नोबेल मिळालं ते याच विषावरच्या उताऱ्यासाठी.

म्हशीच्या घटसर्पात जंतू घशात थांबत नाही, रक्तात उतरून बेसुमार वाढतो. त्याचं विष त्याच्या भिंतीतच असतं. ते रक्तात मोकळं झालं की जनावराचं शरीरच भडकून उठतं. रक्तवाहिन्या पाझरतात, गळ्याखाली सूज लोंबते, ताप चढतो. कधी सकाळी चारा खाल्लेली म्हैस दुसऱ्या दिवशी नसते. निरोगी दिसणाऱ्या जनावराच्या घशातही हा जंतू दबून असू शकतो. पहिल्या पावसाचा गारठा, चाऱ्याचे हाल, ओझं यांनी जनावर खचलं की उचल खातो. म्हणून लस पावसाआधी.

केळीबाग (रावेर): आमच्याकडे केळीवर हरण्या रोग येतो, त्याला 'विषाणूजन्य' म्हणतात. पण विष सोडतात तर जिवाणू! मग विषाणूत विष कुठलं?

पांझराकाठ: लॅटिन 'व्हायरस'चाच अर्थ विष, तो आपण तसाच उचलला. तो लॅटिन शब्द घडला तेव्हा त्या चिमुकल्याचा पत्ता नव्हता. विषाणू सहसा विष सोडत नाही, पेशीचाच कारखाना ताब्यात घेऊन स्वतःच्या प्रती काढून घेतो. 2022 च्या ऑगस्टमध्ये तुमच्याच रावेर तालुक्यात गुरांचा लम्पी त्वचारोग निघाला, तोही विषाणूच.

केळीबाग: हरण्यात हेच होतं. पानावर पिवळे पट्टे, पोंगा (मधलं न उलगडलेलं पान) सडतो, झाड खुजं. मावा कीड रोगट झाडाला सोंड लावून क्षणात विषाणू उचलते, पुढच्या झाडात सोडते. औषधानं मावा मरेपर्यंत काम झालेलं असतं. म्हणून झाड उपटून गाडावं आणि बागेत काकडी-भोपळा लावूच नये, तोच विषाणू तिथंही राहतो.

सातपुड्याखाली (शहादा): एक भर. माणसाच्या घटसर्पाच्या विषाचं जनुक त्या जिवाणूचं स्वतःचं नाही, जिवाणूंना लागणाऱ्या एका विषाणूनं ते आणून दिलेलं. तो विषाणू नसला तर तसलाच जिवाणू घशात असूनही ते विष बनवत नाही. म्हणजे 'विषाणू' हा शब्द निदान इथे अक्षरशः खरा. बाकी यजमानाच्या घरात कोणी काय आणून ठेवलं, हे यजमानालाच कळत नाही!

गिरणाकाठ: मग ग्रामपंचायतीच्या फलकावर काय लिहावं? सध्या 'घटसर्प लसीकरण, सोमवारी' एवढंच आहे.

पांझराकाठ: 'गुरांचा घटसर्प' असं पूर्ण लिहा. नाहीतर सोमवारी आशाताईंच्या दारात लेकरं घेऊन रांग लागेल.