शब्दचर्चा: फिक्श्चर आणि पॅरामेट्राइझ

प्रश्न
डिप्लोमाच्या मुलांसाठी पायथनमधल्या पायटेस्टवर (कोड तपासणाऱ्या टेस्ट लिहिण्याचे व चालवण्याचे साधन) मराठीत टिपणे लिहितो आहे. ‘फिक्श्चर’साठी ‘पूर्वतयारी’ आणि ‘पॅरामेट्राइझ’साठी (एकच टेस्ट वेगवेगळ्या मूल्यांवर चालवणे) ‘प्राचलीकरण’ असे शब्द घेतलेत. दुसरा जड वाटतो. जाणकारांनी सुचवावे.

प्रतिसाद
मला पहिला जास्त खटकला. पूर्वतयारी ही क्रिया झाली. युनिटटेस्ट या पायथनच्या दुसऱ्या टेस्टिंग साधनात दर टेस्टआधी चालणाऱ्या सेटअप मेथडला तो शब्द चपखल बसेल. पायटेस्टचे फिक्श्चर मात्र टेस्टच्या हाती काहीतरी देते. टेस्टच्या फंक्शनला ‘डीबी’ नावाचे आर्ग्युमेंट लिहिले, की पायटेस्ट त्या नावाचे फिक्श्चर शोधते, चालवते आणि त्यातून मिळालेले मूल्य आणून देते. हे नाव २०१२ साली २.३ आवृत्तीत आले. त्याआधी याच सोयीला ‘फंकआर्ग’ म्हणत.

शिवाय ‘पूर्व’ म्हटले की मागची आवराआवर सुटते. फिक्श्चरमध्ये ‘यील्ड’ ही मूल्य टेस्टला देऊन थांबणारी ओळ असते: यील्डच्या आधी डेटाबेस उघडायचा, यील्डने तो टेस्टला द्यायचा, यील्डनंतर बंद करायचा. टेस्ट फेल झाली तरी यील्डनंतरच्या ओळी चालतात. (यील्डच्या आधीच एरर आली तर मात्र चालत नाहीत, हे टिपणांत जरूर लिहा.) मुले नेमका हाच भाग विसरतात, आणि आपण शब्दही असा द्यायचा की तो विसरलाच जावा?

प्रतिसाद
मी मशीन शॉपमधला. आमच्याकडे फिक्श्चर म्हणजे जॉब (ज्यावर काम करायचे तो तुकडा) दर वेळी त्याच जागी, त्याच स्थितीत घट्ट धरणारे साधन. जिग वेगळे, ते ड्रिलला वाट दाखवते. भोसरीत कुठल्याही ऑपरेटरला विचारा, मराठीत बोलतानाही तो फिक्श्चरच म्हणेल. जॉब हलत असेल तर माप टूलमुळे गेले की पकडीमुळे, हे सांगताच येत नाही. तुमच्या टेस्टमध्येही असेच असते का?

प्रतिसाद
अगदी असेच. प्रोग्रॅमर केंट बेक यांनी १९९४ साली स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या टेस्टिंगवर लिहिताना हा शब्द वापरला, तोही टेस्टना लागणाऱ्या ठरावीक सुरुवातीच्या स्थितीसाठी. डिप्लोमाच्या मुलांनी वर्कशॉप केलेले असते, म्हणजे शब्द त्यांच्या कानावरचा आहे. तो तसाच ठेवा. एक सावधगिरी: जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कमध्ये फिक्श्चर म्हणजे लोडडेटा या कमांडने डेटाबेसमध्ये भरायच्या नोंदींची फाइल. मुलांना दोन्ही अर्थ भेटणार, तेव्हा तळटीप हवी.

प्रश्नकर्ता
पटले, फिक्श्चरच ठेवतो. आणि प्राचलीकरण?

प्रतिसाद
‘प्राचल’ सांख्यिकीत रुळलेला शब्द आहे, त्याच्याशी माझे भांडण नाही. पण इथे नाम कशाला हवे? ‘हीच टेस्ट चार वर्षांवर चालवली’ असे सरळ लिहा. लीप वर्षाचे उदाहरण घ्या: १९०० नाही, २००० आहे, २०२३ नाही, २०२४ आहे. वर्ष आणि अपेक्षित उत्तर अशा या चार ओळी पॅरामेट्राइझच्या डेकोरेटरला (टेस्टच्या फंक्शनवर @ लावून लिहायची ओळ) दिल्या की चार स्वतंत्र टेस्ट तयार होतात. शंभराने भाग जाण्याचा नियम कोणी विसरला असेल तर फक्त १९००ची फेल होते, बाकीच्या तीन पास दिसतात. साध्या फॉर लूपमध्ये असर्ट (उत्तर अपेक्षेप्रमाणे आहे का हे तपासणारी ओळ) लिहिले तर पहिल्या चुकीलाच सगळे थांबते, पुढची वर्षे तपासलीच जात नाहीत. मुलांना हा फरक कळणे कुठल्याही प्रतिशब्दापेक्षा मोलाचे आहे.

नाम हवेच असेल तर ‘तक्त्यावरची टेस्ट’ म्हणा. गो भाषेतल्या लोकांनी अशा टेस्टना टेबलावरूनच नाव दिले आहे. कोडमधले स्पेलिंग मात्र ‘पॅरामेट्राइझ’ असेच. सवयीने ‘पॅरामीटराइझ’ टाइप केले तर पायटेस्ट एरर देते आणि बरोबर नावही सुचवते.

प्रश्नकर्ता
‘तक्त्यावरची’ आवडले. पण फिक्श्चरलाही पॅरम्सची (मूल्यांची) यादी देता येते, तिथे हा शब्द चालेल?

प्रतिसाद
तिथे नको. तक्ता एका टेस्टचा असतो. फिक्श्चरला एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेस अशी यादी दिली तर ते मागणारी प्रत्येक टेस्ट दोन्ही डेटाबेसवर चालते, टेस्टमधली एकही ओळ न बदलता. त्याला ‘दोन पर्यायांचे फिक्श्चर’ म्हणा.