पहिल्यांदा गांजासह सापडला, तर कोर्ट की दवाखाना?

धागा, बेळगाव (वकील)
एनडीपीएस (अंमली पदार्थविरोधी) कायदा १९८५, कलम २७ : गांजा ओढल्याबद्दल ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच कायद्यातलं कलम ६४-अ मात्र सांगतं, की व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले तर सेवनाचा वा अल्प प्रमाणाचा खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट जाते. माझं म्हणणं, पहिल्या वेळी ही वाट पोलिसांनीच दाखवावी. विशीतल्या पोराला ती मागायची असते हेच ठाऊक नसतं.

प्रतिसाद, निपाणी
साफ विरोध. गांजाचं अल्प प्रमाण १ किलोपर्यंत. ५ ग्रॅमच्या २०० पुड्या झाल्या की! विकणारा मुद्दाम ९०० ग्रॅम बाळगेल आणि सापडला की ‘साहेब, मी व्यसनी’ म्हणेल.

बेळगाव
म्हणून नुसत्या वजनावर जाऊ नका. सारख्या मापाच्या पुड्या, वजनकाटा, रिकाम्या पिशव्या हे पंचनाम्यात आलं, तर सरकारी वकिलाला विरोध करायला जागा राहते. आणि पंचनामा कन्नडमध्ये असतो. तो मराठीत वाचून घेतल्याशिवाय पोराने सही करू नये, घरच्यांनी एवढं तरी बघावं.

प्रतिसाद, खानापूर
वकीलसाहेब, खरी मेख ‘व्यसनी’ या शब्दात आहे. कलम २ प्रमाणे व्यसनी म्हणजे अंमली पदार्थावर अवलंबून असलेला. जत्रेत मित्रांबरोबर एकदा ओढलेला पोरगा त्यात बसतच नाही. म्हणजे सुटायचं तर त्याने आजारी ठरायचं! त्याला दाखल करून हेरॉइनवाल्याची खाट अडवू नका. बाहेरून समुपदेशन पुरतं.
हेरॉइनचं मात्र निराळं. शेवटच्या डोसनंतर ८ ते १२ तासांत नाक-डोळे गळतात, हातपाय ओढतात, पुढे जुलाब. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस, आठवडाभरात ओसरतं. घरच्यांना वाटतं, पोरगा बरा झाला. घात तिथेच होतो. शरीराची सवय मोडलेली असते, आणि त्याने जुन्याच मापाने घेतलं तर श्वास बंद पडतो. ब्युप्रेनॉर्फिनसारखं, हेरॉइनची तलफ दाबणारं औषध पुढे कित्येक महिने चालवावं लागतं. आठ दिवसांच्या डिस्चार्ज कार्डाला ‘उपचार पूर्ण’ म्हणू नये.

निपाणी
हे पटलं. पण मग वचक कसला? दर पंधरा दिवसांनी लघवी तपासा, पॉझिटिव्ह आली की खटला पुन्हा सुरू.

खानापूर
गांजाला हा नियम लावू नका. रोज ओढणाऱ्याने आज सोडला तरी लघवीत महिनाभर अंश सापडू शकतो. पंधराव्या दिवशी पॉझिटिव्ह आलेला पोरगा कदाचित दिलेला शब्द पाळत असेल.

बेळगाव
वचक कलम ३९ मध्ये आहे. दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला कोर्ट बंधपत्रावर उपचाराला सोडू शकतं आणि वर्षाच्या आत वैद्यकीय अहवाल मागतं. दाखल होण्याआधी केंद्राच्या मान्यतेचा कागद मात्र डोळ्यांनी बघा. तो नसेल तर पैसे जातात, महिने जातात आणि खटला तिथेच उभा राहतो.